सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

इंदुबाईंनी परातीतल्या काडतुसाच्या पाच रिकाम्या पितळी पुंगळ्या मुठीत घेतल्या, मूठ कानाजवळ नेली आणि खुळखुळा वाजवावा तशी हलवली. मग दुसऱ्या पाच घेतल्या. मग पुन्हा पहिल्या पाच.

“यात फुटकी हाय,” त्या म्हणाल्या.

“आई, अगं नव्या आहेत त्या. मागच्याच आठवड्यात मशीनवरनं उतरवल्यात.” अश्वजितच्या हातात मायक्रोमीटर होता, तो त्याने आईसमोर धरला. “एकेक मोजलीय. केसाएवढा फरक नाही.”

“मापात असंल. पन फुटकी हाय.”

“कुठं दिसतेय फूट?”

“दिसत न्हाई. ऐकू येतीय.”

नीलम, अश्वजितची बायको, चहाचे कप घेऊन येत होती. ती हसली. “टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून रोज मोठा करायला लावता आई, आणि पितळेची फूट ऐकू येते?”

“टीव्हीवाल्यांचं ऐकून करायचं काय? पितळ खोटं बोलत न्हाई.”

मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. कप हातात घेतला, पण प्यालो नाही. त्या वीस पुंगळ्या गेले सहा दिवस माझ्या खोलीत होत्या, आणि त्या सहा दिवसांत मी त्यांचं काय केलं होतं ते तिथे बसलेल्यांत फक्त मला माहीत होतं.

ही गोष्ट ९३ सालच्या जानेवारीतली. बहारीनमधल्या मनामाच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अश्वजितचं कुटुंब राहायचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मी आणि माझी पुस्तकं. बायको शरीफुन्निसा रत्नागिरीकडे गावी. मी महमूद साहेबांच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून होतो. अठरा वर्षं झाली होती. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही, हेही मला बरोबर सांगता येईल की नाही याची खात्री नाही. पण इंदुबाईंबद्दल लिहिणारं दुसरं कोणी नाही.

महमूद साहेबांचे वडील मोत्यांचे व्यापारी. मोती विकायला ते दर वर्षी मुंबईला जात. एका चांगल्या हंगामानंतर तिथल्या बंदुकीच्या दुकानातून त्यांनी एक विलायती शिकारी रायफल घेतली. तिला लागणारं काडतूस तीनशे अठरा नावाचं. एके काळी ते आफ्रिकेपासून हिंदुस्थानपर्यंत मिळायचं. पुढे विलायतेतल्या कारखान्याने ते काढणं बंद केलं. महमूद साहेबांनी उरलेलं शेवटचं काडतूस एकाहत्तर साली उडवलं. तेव्हापासून रायफल कपाटात होती. दर वर्षी लायसन्स नवं व्हायचं, दर महिन्याला तेल लागायचं, आणि ती पुन्हा कपाटात जायची.

“जमाल, तुम लिखो ना,” ते मला म्हणायचे. मुंबईत लहानपण गेल्यामुळे त्यांची हिंदी माझ्याहून सराईत होती. “ये लोग फिर से क्यों नहीं बनाते?”

मी लिहिलं. सहा वर्षांत नऊ पत्रं, इंग्लंडच्या, जर्मनीच्या, अमेरिकेच्या कारखान्यांना. जुने कॅटलॉग मागवून वाचले. बंदूक मी जन्मात हातात धरलेली नव्हती, पण काडतुसांविषयी एवढं वाचलं की स्वप्नात आकडे यायचे. मी लिहायचो की हे काडतूस खांद्याला फार धक्का देत नाही, याची गोळी लांब असते म्हणून सरळ आणि खोल जाते, एकाच रायफलीवर लहान-मोठी सगळी शिकार होत असे, आणि जगात अजून हजारो रायफली केवळ याच्यावाचून मुक्या पडून आहेत. पाच पत्रांना उत्तरं आली. पाचही उत्तरांत ‘खेद’ हा शब्द होता. माझं इंग्रजी कमी पडतं आहे, दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर जमलं असतं, असं मला सारखं वाटायचं.

मग त्या डिसेंबरात महमूद साहेबांच्या मुलांनी ठरवलं की रायफलीची नळी वेल्डिंग करून कायमची बंद करायची आणि ती नव्या घरातल्या मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर शोभेला लावायची. तिसऱ्या दिवशी साहेब मुलांना म्हणाले, “जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत थांबा. तोवर ती एकदा बोलली, तर माझ्याकडेच राहील. नाही बोलली, तर खलास. घेऊन जा.”

जिन्यात मी हे अश्वजितला सांगितलं. तो शेजारच्या सित्रा बेटावर एका मशीन शॉपमध्ये टर्नर. तो म्हणाला, “चाचा, आख्खं काडतूस कशाला बनवायचं? तेवढ्याच जाडीचं दुसरं कुठलं तरी आज मिळत असेल. त्याच्या रिकाम्या पुंगळीचं तोंड रुंद केलं की झालं.” मी कॅटलॉग उघडून दाखवले. खरंच होतं तसं. नऊ पत्रं लिहिताना मला हे सुचलं नव्हतं.

वाळवंटातल्या शूटिंग रेंजवर बंदुका सांभाळणाऱ्या इंग्रज आर्मररने चाळीस रिकाम्या पुंगळ्या दिल्या, गोळ्या मागवल्या, पोलिसांची परवानगी काढली. काडतूस भरायचं ते फक्त त्यानेच. आमचं काम रिकाम्या पितळेपुरतं. अश्वजितने साचा केला आणि वीस पुंगळ्या तयार करून माझ्याकडे दिल्या. शुक्रवारी त्याला सुट्टी होती म्हणून शेवटचं मोजमाप करायला मी त्या वर घेऊन आलो होतो, आणि नेमकी तिथे परातीत तांदूळ निवडत इंदुबाई बसल्या होत्या.

इंदुबाई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. दहा दिवस उरले होते. इथे त्यांना करायला काही नव्हतं. नात श्रावस्ती शाळेतून आली की त्या मराठीत विचारायच्या आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मला एवढंच माहीत होतं की नवऱ्यामागे त्यांनी पुण्याकडच्या एका दारूगोळा कारखान्यात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. काय नोकरी, ते मी विचारलं नव्हतं. झाडू मारत असतील, पेट्या उचलत असतील, असं मी मनात धरलं होतं. आता लिहितानाही त्याची लाज वाटते.

“इन्स्पेक्शनला व्हते मी,” त्या म्हणाल्या. “बाकावर बसायचं. म्होरं पितळेचा ढीग. बगायची, हातानं चाचपायची, हलवून ऐकायची. चांगली असली तर शिक्का. माजा शिक्का सत्तेचाळीस नंबरचा. रिटायर झाले तवा सायबानं पयला शिक्का मागून घेतला, मग हार घातला.”

“आई, ते सगळं ठीक आहे,” अश्वजित म्हणाला. “पण पुढच्या शुक्रवारी साहेब रेंजवर जाणार. त्याआधी आर्मररला भरायला दोन दिवस लागतात. आता तू म्हणतेस म्हणून...”

“मी म्हनत न्हाई. ऐक की.”

त्यांनी एकेक पुंगळी घेऊन फरशीवर सोडली. टिंग. टिंग. टिंग. मग एक वेगळी: टक्. बोथट, मध्येच तुटल्यासारखी. ती त्यांनी उचलून बाजूला ठेवली, आणि मग नाकाशी नेली.

“ह्याला वास कसला येतोय? आन् हिच्या गळ्याला निळी झाक का न्हाई? तापवली न्हाईस?”

“तापवली होती. होती ना झाक. चाचा, मी दिल्या तेव्हा होती ना?”

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी कप खाली ठेवला. मला वाटलं, म्हणावं की आठवत नाही. माझ्यासारख्या माणसाला न आठवणं शोभतंही.

“मी पुसली,” मी म्हणालो.

“काय?”

“मला वाटलं, काजळी आहे. साहेबांना द्यायच्या तर चकचकीत असाव्यात. पेढीच्या दारावरची पितळी पाटी आणि साहेबांची कॉफीची किटली, दल्ला, मी दर गुरुवारी पॉलिश करतो, तेच पॉलिश लावलं. दोनदा. आणि ओल्याच फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. म्हटलं, झळाळी टिकेल.”

अश्वजितने डोक्याला हात लावला. “चाचा, त्या पॉलिशमध्ये अमोनिया असतो!”

“मला माहीत नव्हतं.”

“एवढी पुस्तकं वाचता, तुम्ही...” तो पुढे बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

इंदुबाई मात्र खुदकन हसल्या. “आमचा मुकादम सांगायचा. विंग्रजांच्या टायमाला पावसाळ्यात काडतुसाच्या पेट्या तबेल्याशेजारी ठिवायचे, आन् चार म्हयन्यांनी उगडून बगावं तर आपोआप फुटल्याल्या. का, तर घोड्याचं मूत. त्याच्या वाफंनं पितळ फुटतं. जमालभाऊ, तुमी घोडं न बाळगता त्ये केलं.”

नीलम तोंडाला पदर लावून आत गेली. मी हसलो की नाही ते आठवत नाही.

“आन् तू,” इंदुबाई मुलाकडे वळल्या. “तापवली कवा? तोंड मोठं करायच्या आदी का मागनं?”

“आधी. मऊ झालं की साच्यातून नीट जातं.”

“आन् नंतर?”

“नंतर कशाला?”

“नंतर दाबल्याचा ताण तसाच ऱ्हातो ना त्यात! पितळ गप बसल्यालं दिसतं, पन आतनं वडल्यालं असतं. मग असल्याला निमित्तच लागतं. नुस्त्या जमालभाऊंची चूक न्हाई. निम्मी तुजी.”

नीलमने भिंग आणून दिलं. टक् वाजलेल्या पुंगळीच्या गळ्यावर केसापेक्षा बारीक एक रेघ निघाली. अश्वजित ती बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने मायक्रोमीटर डबीत ठेवला.

“बाकीच्या एकोणीस?”

इंदुबाईंनी त्याही एकेक करून फरशीवर सोडल्या.

“आनखी दोन फुटल्यात. ऱ्हायलेल्या आज न्हाई फुटल्या तर उद्या फुटतील. आख्खा लॉट रिजेक्ट.”

“आई, चारच दिवस आहेत. चांगल्या वाजतात तेवढ्या देऊ ना.”

“त्या म्हाताऱ्याचं तोंड बंदुकीला चिकटल्यालं असनार, तुजं न्हाई.” त्यांनी परात पुढे सरकवली. “ह्यातली एक जरी दिलीस तरी मी त्या मानसाला सोता जाऊन सांगीन. हिंदी येत न्हाई, पन हातवारे येतात.”

पुढचे तीन दिवस मी नीट जेवलो नाही. महमूद साहेबांना काय सांगायचं ते रोज मनात जुळवायचो आणि पेढीवर गेलो की विसरायचो. शेवटी सोमवारी सगळं सांगून टाकलं, पॉलिशसकट. ते कॉफी पीत होते. त्यांनी दल्लाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ये अम्मा कौन है?”

“अश्वजित की माँ. अट्ठाईस साल कारतूस चेक किया है.”

“और तुम छह साल से इंग्लैंड को चिट्ठी लिख रहे थे,” ते म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत. म्हणूनच मला ते लागलं, आणि बरंही वाटलं.

मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर अश्वजितच्या मालकाने तासभर शेड वापरायला दिली. आम्ही टॅक्सीने सित्र्याला गेलो. इंदुबाईंनी पातळावर मुलाचा जुना स्वेटर घातला होता. रिफायनरीच्या बाजूने वारा येत होता, त्याला तेलाचा वास होता. शेडमध्ये त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. त्यांनी ती उचलून गॅसच्या ज्योतीजवळ नेली आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

“उजेड नको. रंग दिसत न्हाई.”

उरलेल्या वीस पुंगळ्या तोंड रुंद करून तयार होत्या. अश्वजित एकेक चिमट्यात धरून ज्योतीत फिरवायचा. इंदुबाई पाहत राहायच्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, ते मला ठाऊक होतं. म्हणून मी अस्वस्थ होतो. पितळेच्या गळ्यावर आधी काही नसायचं, मग एक निळसर सावली चढायची.

“बस्स.”

पुंगळी पाण्यात. चर्र. दुसरी.

“बस्स.”

तिसरीला अश्वजितने आपणहून हात काढला.

“घाई केलीस. पुना धर.”

“आई, तेवढाच वेळ झाला. मी मनात आकडे मोजतोय.”

“आकडे मोजू नगंस. बग तिच्याकडं.”

दहाव्या-बाराव्या पुंगळीनंतर त्यांना ‘बस्स’ म्हणावं लागलं नाही. अश्वजित हात काढायचा आणि त्या फक्त मान हलवायच्या. वीस वर्षं मशीनवर काम केलेला हा मुलगा, आईच्या बाकावर काय चालायचं ते त्याने पहिल्यांदा पाहिलं असावं. मी कोपऱ्यात उभा राहून पाण्यातून काढलेल्या पुंगळ्या फडक्याने पुसत होतो. कोरड्या, स्वच्छ फडक्याने. इंदुबाईंनी ते फडकं आधी स्वतः हुंगून पाहिलं होतं.

सगळं झाल्यावर त्यांनी मुठीत हलवून, फरशीवर सोडून, नखाने चाचपून अठरा ठेवल्या आणि दोन काढल्या.

“या दोनांत काय वाईट आहे?” अश्वजितने विचारलं. फरशीवर त्या दोन्ही टिंगच वाजल्या होत्या.

“काय न्हाई. मला आवडल्या न्हाईत.”

या खेपेला त्याने वाद घातला नाही. दोन्ही खिशात टाकल्या. पण दिवा लावून दार उघडताना इंदुबाईच थांबल्या.

“आश्या,” त्या हळू म्हणाल्या. “चुकलं तर रं? धा वर्सं झाली बाकावरनं उठून.”

“तू कारखान्यात असताना कधी चुकलं होतं?”

“काय म्हाईत? हितनं पेटी गेली की गेली. फौजेत जायची, शिमेवर जायची. वाजली, न वाजली, कुनाच्या हातात फुटली... कोन येऊन सांगतंय? गेल्याली पुंगळी कदी म्हागारी आली न्हाई.”

अश्वजितने आईच्या स्वेटरची गुंडी लावली.

शुक्रवारी सकाळी महमूद साहेबांची गाडी आम्हाला घ्यायला आली. रेंज दक्षिणेकडे, उघड्या वाळवंटात. वारा बोचरा होता. साहेबांचे दोन मुलगे वेगळ्या गाडीने आले होते आणि घड्याळाकडे पाहत उभे होते. महमूद साहेब सत्तरीच्या पुढचे, पण त्या दिवशी ते ताठ चालत होते. ते आधी इंदुबाईंपाशी आले, उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, “अम्मा, सलाम.”

“जय भीम,” इंदुबाई म्हणाल्या आणि हात जोडले.

आर्मररने सगळ्यांना मागे सरकवलं. पहिला बार तो साहेबांच्या खांद्याला देत नव्हता. त्याने रायफल चौकटीत घट्ट बसवली, काडतूस सरकवलं आणि लांब दोरीने चाप ओढला.

मी कानात बोटं घातली होती, तरी आवाज छातीत बसला. इंदुबाई दचकून मुलाच्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी कानावर हात ठेवले नव्हते.

“येवढा व्हतो?” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आवाज. मी कदी ऐकलाच न्हवता.”

आर्मररने बोल्ट मागे ओढला. पुंगळी बाहेर पडली. त्याने ती उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली, गळा पाहिला, बूड पाहिलं आणि अंगठा वर केला. आणखी दोन बार चौकटीतूनच झाले. मग रायफल महमूद साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती खांद्याला लावली, बराच वेळ तशीच धरून ठेवली. थोरला मुलगा काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात बार झाला. दूरच्या पुठ्ठ्यावर, मधल्या काळ्या वर्तुळाच्या जरा डावीकडे, भोक पडलं.

साहेबांनी रायफल खाली घेतली. मुलांकडे वळून अरबीत एवढंच म्हणाले, “खलास. वेल्डरला सांगा, येऊ नको.” धाकटा हसला. थोरल्याने पुढे होऊन वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मग, जरा संकोचून, मलाही एक उडवू द्याल का, असं विचारलं.

साहेब चौथी पुंगळी घेऊन इंदुबाईंकडे आले. अजून कोमट होती. इंदुबाईंनी ती तळहातावर घेतली. आर्मररकडून आधीची एक मागून घेतली. दोन्ही मुठीत धरून कानाशी नेल्या आणि हलवल्या. वारा होता, म्हणून त्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प उभे होतो, ते मुलगेसुद्धा.

“पास,” त्या म्हणाल्या.

“क्या बोला?” साहेबांनी मला विचारलं.

मी सांगितलं. साहेब म्हणाले, “ही त्यांनी ठेवावी. घरी न्यावी.” मी म्हणालो की साहेब, विमानात पुंगळी नेऊ देणार नाहीत, उगाच कस्टमवाले अम्मांना अडवतील. मला नको तिथे नियम आठवतात.

“न्हेऊन काय करू?” इंदुबाई म्हणाल्या. “त्येस्नी सांगा, टाकू नगा म्हनावं. पुना भरा. नीट तापवली तर आनखी चार-पाच खेपा चालंल. आश्याला येतं आता.”

मी हिंदीत सांगितलं. साहेब ऐकत राहिले, मान हलवत राहिले. सहा वर्षांत एवढं पक्कं उत्तर त्यांना कोणाकडून मिळालं नव्हतं. त्या रात्री मी दहावं पत्र लिहायला घेतलं, एका शिकारी मासिकाला. त्यात कॅटलॉगमधलं काही लिहिलं नाही. ते छापून आलं की नाही हे इथे सांगण्याइतकं महत्त्वाचं नाही.

तेव्हा तिथे मात्र इंदुबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. पुंगळी उलटी धरली आणि बुडाच्या पितळेवर, अगदी कडेला, पिनेच्या टोकाने काहीतरी कोरू लागल्या. आधी एक चार. मग एक सात. पिन निसटत होती, डोळा नीट साथ देत नव्हता, म्हणून त्या अंगठ्याने चाचपून आकडा कुठे आला ते पाहत होत्या. मी पुढे होऊन मदत करणार होतो. अश्वजितने माझ्या दंडाला हात लावला.

“ये क्या लिख रही हैं?” साहेबांनी विचारलं.

“उनका नंबर है,” मी म्हणालो.

महमूद साहेबांनी आर्मररच्या टेबलावरून उरलेल्या दोन रिकाम्या पुंगळ्या आणल्या. खुर्चीही आणवली. इंदुबाई बसल्या. साहेब वाऱ्याच्या बाजूला, त्यांच्या आडोशाला उभे राहिले आणि कोरून झालेली एकेक पुंगळी ओंजळीत घेऊन पुढची त्यांच्या हातात देत राहिले.